रात्रीचा खेळ आणि लहान मूल

“डॉक्टरसाहेब, बाळाला घेऊन रात्रीच्या सिनेमाला गेलं तर चालेल का?” दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या, की हा प्रश्न माझ्या दवाखान्यात हमखास येतो. माजरीहून सिनेमाला जायचे म्हणजे वरोरा, वणी नाहीतर चंद्रपूर गाठायचे. नऊ ते बाराचा खेळ पाहून मोटारसायकलने परत येईपर्यंत एक-दीड वाजतो. मध्ये झोपलेले मूल, मागे आई, अंगावर गार वारा. दुसऱ्या दिवशी तेच मूल सर्दी, कानदुखी किंवा नुसती किरकिर घेऊन माझ्यासमोर असते.

मग लहान मुलांना रात्रीच्या खेळाला बंदीच का करू नये? आपल्या शेजारच्या राज्यात हा प्रयोग झाला. बल्लारशाह ओलांडून गाडी पुढे गेली, की तेलंगण लागते. ४ डिसेंबर २०२४ रोजी रात्री हैदराबादच्या संध्या टॉकीजमध्ये ‘पुष्पा २’च्या खास खेळाला चेंगराचेंगरी झाली. तीत एका आईचा जीव गेला आणि तिचा लहान मुलगा गंभीर जखमी झाला. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये तेलंगण उच्च न्यायालयाने, सोळा वर्षांखालील मुलांना सकाळी ११ च्या आधी आणि रात्री ११ नंतर चित्रपटगृहात सोडू नये, असा अंतरिम आदेश दिला. चित्रपटगृहवाल्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने हा निर्बंध तूर्त उठवला. कायद्याचा कीस वकील मंडळी काढतील. रात्रीच्या खेळाने मुलाच्या शरीरात काय घडते, एवढेच मी सांगतो.

झोप हेही अन्नच

मुलाला झोप किती हवी? दिवसाची झोप धरून चार महिने ते एक वर्षाच्या बाळाला १२ ते १६ तास, एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास. बालवाडीतले मूल रात्री नऊला झोपले, तर सकाळी सातला ते ताजेतवाने उठते. तेच एक वाजता झोपले, तरी पुष्कळदा सात-साडेसातलाच डोळे उघडते, कारण शरीरातले घड्याळ त्याला उठवते. म्हणजे चार तास बुडाले ते बुडालेच.

या झोपेच्या पहिल्या गाढ टप्प्यात वाढीचे संप्रेरक सर्वांत जास्त स्रवते. दिवसभर शिकलेले मेंदूत पक्के होते तेही झोपेतच. एका रात्रीच्या जागरणाने मूल खुरटत नाही, त्याची भीती बाळगू नका. पण दर आठवड्याला असे होऊ लागले, तर मूल चिडचिडे होते, जेवत नाही, शाळेत पेंगते आणि आपण त्याला टॉनिक मागायला येतो. ज्या मुलाला फेफरे येतात, त्याला जागरण पूर्ण वर्ज्य समजावे. झोप मोडली की झटका येण्याचा संभव वाढतो.

“बाळ तर मांडीवर झोपून जातं,” असे आया सांगतात. खरे आहे, ते थकून झोपते. पण पडद्यावर स्फोट झाला की दचकते, पुन्हा झोपते, पुन्हा दचकते. अशा तुकड्यातुकड्यांच्या झोपेला विश्रांती म्हणत नाहीत.

कान आणि आवाज

आमच्या खाणकामगार वाचकांना ८५ डेसिबल हा आकडा परिचित असेल. एवढ्या आवाजात आठ तास काम करणे ही साधारण मर्यादा मानतात. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्म्याने कमी होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास आणि १०० डेसिबलला जेमतेम पाव तास. हा हिशेब मोठ्या माणसाच्या कानाचा आहे. चित्रपटगृहातील आधुनिक ध्वनियंत्रणा अशी बसवलेली असते, की एकेका वाहिनीचा आवाज क्षणभर १०५ डेसिबलपर्यंत चढू शकतो. हा आवाज सतत नसतो, पण मारामारीच्या सिनेमात तो वारंवार येतो. तान्ह्या बाळाच्या कानाची नळी लहान असते, त्यामुळे तीक्ष्ण आवाज तिच्यात अधिकच मोठा होतो. मोठे माणूस कानावर हात ठेवते, बाळाला तेही जमत नाही. कापसाच्या बोळ्यांनी आवाज फारसा अडत नाही आणि बोळा आत राहून गेला तर वेगळेच दुखणे उभे राहते.

बंद हवा, गर्दी आणि गोवर

गोवराचा विषाणू बंद जागेच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकून राहतो. म्हणजे आधीच्या खेळाला येऊन गेलेल्या मुलाचा गोवर पुढच्या खेळाच्या बाळाला लागू शकतो. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. त्याआधी बाळापाशी स्वतःचे संरक्षण नसल्यातच जमा. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगाव येथे गोवराची साथ आली होती, तिच्यात बालके दगावली. हा आजार इतिहासजमा झाला, असे समजू नका.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलची मुले पुष्कळ आहेत. थंडी, दमणूक आणि पाणी कमी पडणे या तिन्हींनी त्यांचे अंग दुखण्याचा तीव्र झटका येऊ शकतो. रात्रीच्या मोटारसायकल प्रवासात आणि वातानुकूलित हॉलमध्ये ही तिन्ही कारणे एकदम जमतात.

भीती

पाच-सहा वर्षांपर्यंत मुलाला पडद्यावरचे रक्त आणि खरे रक्त यांतला फरक नीट कळत नाही. “खोटं आहे रे ते” म्हटल्याने त्याची भीती जात नाही. अपुरी झोप आणि मनात भीती, अशा मुलापैकी काही जण झोप लागल्यावर एक-दोन तासांतच किंचाळत उठतात. डोळे उघडे असतात, पण आईला ओळखत नाहीत. सकाळी त्यांना काही आठवतही नाही. घरचे म्हणतात, बाहेरचे झाले, दृष्ट लागली. मग अंगारा-धुपारा होतो आणि दवाखान्यात येईपर्यंत आठवडा जातो. या प्रकाराला झोपेतील दचकणे म्हणतात. मुलाला गदागदा हलवू नये, ते पडणार नाही एवढे पाहावे आणि झोपेची वेळ लवकर करावी. बहुतेक मुले एवढ्यानेच सुधारतात. वारंवार होत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

बंदी हवी, पण कुणाला?

सिनेमाच्या प्रमाणपत्रावर विसंबून भागत नाही. ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला अठरा वर्षांखालील कोणालाच प्रवेश नसतो. ‘यूए’मध्ये ७, १३ आणि १६ वर्षे अशा पायऱ्या २०२३ च्या कायद्यातील दुरुस्तीने आल्या. पण त्या पालकांच्या माहितीसाठी आहेत, त्या वयाखालील मुलाला दारात अडवण्यासाठी नाहीत. शिवाय प्रमाणपत्र चित्रपट पाहून देतात, घड्याळ पाहून नाही. अगदी ‘यू’ चित्रपटसुद्धा रात्री बारा वाजता दोन वर्षांच्या मुलासाठी योग्य नसतो.

तेलंगणच्या आदेशात सोळा वर्षांखालची सारी मुले एकाच मापाने मोजली होती. वैद्यकीय दृष्ट्या पंधरा वर्षांचा मुलगा आणि दहा महिन्यांचे बाळ यांची तुलना होत नाही. सुट्टीतल्या एका जागरणाने पंधरा वर्षांच्या मुलाचे फारसे बिघडत नाही. उलट बालवाडीतल्या मुलाला रात्री अकराची मर्यादाही फार उशिराची आहे. माझे मत विचाराल, तर सहा वर्षांखालील मुलांना रात्री नऊच्या आणि त्यानंतरच्या खेळाला प्रवेश देऊ नये.

पण या बंदीची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय ती लादू नये. आपल्या कोळसा खाणींच्या वसाहतीत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, तेलंगण अशा दूरदूरच्या गावांहून आलेली कुटुंबे आहेत. घरात सासू नाही, आजी नाही. बाळाला आत सोडणार नाही म्हटले, की बाप मित्रांबरोबर जाईल आणि आई घरी राहील, हे सांगायला ज्योतिषी नको. बाळंतपणानंतर घरात कोंडल्यासारख्या झालेल्या, मनाने खचलेल्या तरुण आया मी पाहतो. तीन तासांची करमणूक त्यांनाही औषधासारखीच आहे. उन्हाळ्यात तर आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दुपारच्या खेळाला बाळाला न्या, असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

म्हणून बंदीबरोबर सोयही हवी. सहा ते नऊचा खेळ घरच्या माणसांसाठी राखावा, त्यात आवाज कमी ठेवावा, मूल रडले तर आईला उठून जाता यावे म्हणून दाराजवळच्या चार खुर्च्या सोडाव्यात. पाळीच्या नोकरीमुळे ज्यांना संध्याकाळ मिळत नाही, त्यांच्यासाठी सुट्टीच्या दिवशी सकाळचा एक खेळ असावा. एवढे झाले तर रात्रीच्या खेळाला “लहान मूल आणू नये” ही पाटी अन्यायाची वाटणार नाही.

झाडीपट्टीत मात्र पाटी लावायला दारच नाही. दिवाळीनंतर ब्रह्मपुरी, सिंदेवाही, वडसा, गडचिरोलीकडे रात्रभर नाटके चालतात आणि सारे गाव लेकराबाळांसह मंडपात बसते. ही आपली संस्कृती आहे, तिला नाव ठेवण्याचा माझा विचार नाही. फक्त भोंग्यापासून लांब बसा, मुलाला कानटोपी आणि पूर्ण अंगभर कपडे घाला. गडचिरोली हा राज्यात मलेरियाचे सर्वाधिक रुग्ण आढळणाऱ्या जिल्ह्यांपैकी आहे आणि मलेरियाचा डास रात्रीच चावतो, हे विसरू नका. पहिला अंक झाला की लहानग्यांना घरी निजवायला घरातले एक माणूस पाळीपाळीने ठरवून ठेवा. ते माणूस दर वेळी आईच असू नये.

पालकांसाठी थोडक्यात

१. गोवराचा पहिला डोस होईपर्यंत बाळाला कोणत्याही वेळच्या खेळाला नेऊ नये.

२. सहा वर्षांखालील मुलाला सहा ते नऊच्या पुढचा खेळ दाखवू नये.

३. चार वर्षांखालील मुलाला अंधारात पॉपकॉर्न, शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत. हसताना किंवा दचकताना दाणा श्वासनलिकेत जातो. खाताना एकदम ठसका लागून खोकला किंवा घरघर सुरू झाली, तर ती थांबल्यासारखी वाटली तरी त्याच रात्री रुग्णालयात न्यावे.

४. ताप, सर्दी, कानदुखी असलेल्या मुलाला घरी ठेवावे. यात त्याचे हित आहे, तसे शेजारच्या खुर्चीवरील बाळाचेही आहे.

५. सिकलसेल असलेल्या मुलाला उबदार कपडे घालावेत आणि मध्ये मध्ये पाणी पाजत राहावे.

६. परतीच्या प्रवासात झोपलेल्या मुलाला मोटारसायकलच्या टाकीवर बसवू नये.

७. मूल रडू लागले तर “आता थांबेल” म्हणून बसून न राहता बाहेर पडावे. तिकिटाचे पैसे गेले म्हणून हळहळ वाटेल, पण ते रडणे म्हणजे मुलाची तक्रार आहे, आणि ती ऐकायला त्या अंधारात आपल्याशिवाय दुसरे कोणी नाही.