वनस्पतींच्या पोटातील औषधनिर्माते

औषधी वनस्पतीचा गुण सर्वस्वी तिचाच, असे आपण परंपरेने गृहीत धरीत आलो. परंतु तिच्या खोडापानांतील पेशींच्या फटींतून, तिला काडीचीही इजा न करता, असंख्य जीवाणू बिऱ्हाड करून राहतात आणि त्यांतील कित्येक रोगजंतूंना मारक अशी द्रव्ये खुद्द निर्माण करतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या श्रेयाची वाटणी नव्याने करणे प्राप्त होते.

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी प्रांतातील आदिवासी जखम चिघळू नये म्हणून 'स्नेकव्हाइन' नामक वेल वापरीत आले आहेत. अमेरिकेतील माँटाना स्टेट विद्यापीठाचे गॅरी स्ट्रोबेल व त्यांचे सहकारी यांनी तिच्या खोडातून स्ट्रेप्टोमायसिस कुळातील एक जीवाणू वेगळा केला. अशा कामी सालीवरचे उपरे जंतू प्रथम मद्यार्कादिकांनी नाहीसे करावे लागतात, एरवी घरचा कोण आणि वाटसरू कोण हे कळण्यास मार्ग नाही. त्या जीवाणूपासून मिळालेली 'मुनुम्बिसिन' ही प्रतिजैविके 2002 साली प्रसिद्धीस आली. त्यांतील काहींनी, प्रचलित औषधांना दाद न देणाऱ्या क्षयजंतूंवर आणि हिवतापाच्या परजीवीवरही, प्रयोगशाळेत आपला प्रभाव दाखविला. आदिवासींच्या अनुभवाला शास्त्राने दिलेली ही पुष्टी मला त्या शोधाइतकीच मोलाची वाटते.

तथापि परीक्षानळीतील यश म्हणजे दवाखान्यातील औषध नव्हे. तेव्हा एवढ्या भरवशावर वाचकांनी आपल्या डॉक्टरांची दवा बंद करू नये.