जामखेडच्या आरोग्यताई

जामखेडला डॉक्टर आले तेव्हा दवाखान्याला स्वतःची इमारत नव्हती. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत रुग्ण तपासू लागले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. आधी वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करताना एक गोष्ट त्यांना सारखी खुपत होती: बरे होऊन घरी गेलेले मूल त्याच दुखण्याने पुन्हा दारात येई. घरचे पाणी तेच, जेवण तेच, मग औषध किती दिवस पुरणार? पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून ते परतले आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याच्या टोकाचा हा अवर्षणग्रस्त तालुका त्यांनी निवडला.

गावोगावी नर्स ठेवून पाहिल्या. एकट्या तरुण मुलीने परक्या गावात राहायचे, आणि गावाने तिचे ऐकायचे, हे जमेना. मग गावातल्याच बाईला आरोग्यताई म्हणून शिकवून तयार करायचे ठरले.

गावाने निवडून पाठवलेल्या या बायका बहुतेक निरक्षर. कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली, कितीतरी दलित वस्तीतल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला मुक्कामी येत. जेवण एका पंगतीत आणि झोपणे एकाच मोठ्या पांघरुणाखाली. ज्या काळात विहिरीवर घागर टेकवण्यावरून भांडणे होत, त्या काळात ही रात्रच मोठे शिक्षण होती. पाण्याच्या बाबतीतही आरोळ्यांचा कटाक्ष असाच असे. हातपंप शक्यतो दलित वस्तीत बसवायचा, म्हणजे पाण्याला सगळ्यांनी तिथेच यायचे.

वर्गात वही-पेन्सिलीचा भार नसे. गाणी, चित्रे, मागच्या आठवड्यात गावात काय घडले त्याची चर्चा. शिकलेले गावात लगेच वापरले जाई. बाळंतपणाला निघालेली ताई आधी हात कोपरापर्यंत साबणाने धुते, नखे घासते, दोरा नि ब्लेड उकळून घेते. नाळ कापली की बाळ लगेच आईच्या छातीशी. पूर्वी चीक पिळून टाकत. पोर लहान राहिले तर सुटका सोपी होते म्हणून गरोदर बाई पोटभर जेवतही नसे. जुलाब झालेल्या मुलाचे पाणी तोडत. तिथे ताई एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ कालवून चमच्याचमच्याने पाजायला बसवते. सासूबाईंचे मन वळवायला मात्र डॉक्टरांचा उपयोग नसतो. तिथे गल्लीतली ओळखच लागते.

अवघड काही असेल तर नर्स, डॉक्टर आणि समाजसेवकांचे पथक गावात येते. ताईंबरोबर घरोघर फिरून काय पाहायचे ते पाहते. ज्याला खरोखर गरज आहे तोच जामखेडच्या खाटेवर पोचतो.

आरोळ्यांच्या या आरोग्य प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे 1971 मध्ये इथल्या गावांत हजारी 176 बालके वर्षाच्या आत दगावत. 1976 पर्यंत हा आकडा 52 वर आला. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तो योग्यच होता. पण त्या आकड्यामागे अशा बायका होत्या, ज्यांना त्याआधी गावाच्या बैठकीत कुणी बसूही देत नसे. 1988 साली त्यांतल्या मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनमधल्या एका आरोग्य परिषदेत बोलल्या. बड्या दवाखान्यांना त्यांनी महागड्या झुंबराची उपमा दिली आणि स्वतःला छोट्या दिव्याची, जो दुसरा दिवा पेटवू शकतो.

मेबल आरोळे 1999 मध्ये आणि रजनीकांत 2011 मध्ये गेले. काम त्यांची मुले, डॉ. शोभा आणि रवी, यांनी पुढे नेले. देशोदेशीचे डॉक्टर, विद्यार्थी इथे शिकायला येतात आणि त्यांना गावचे आरोग्य समजावून सांगणाऱ्यांमध्ये या ताईही असतात.