धावणारी मुले, वाढणारी हाडे

गेल्या थंडीतील गोष्ट. पिपरी मेघे येथील एक गृहस्थ आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा लंगडत होता. "डॉक्टरसाहेब, धाव सुरू करताना कंबरेत कट्कन आवाज झाला म्हणतो. शीर चढली असंन म्हणून चार दिवस तेल चोळलं, पण दुखणं वाढूनच राह्यलं."

एक्स-रे काढला. कंबरेच्या हाडाला मांडीचा स्नायू जिथे चिकटतो, तिथला छोटा तुकडा जागेवरून सुटला होता. पूर्ण वाढलेल्या माणसाला असा हिसका बसला तर बहुधा स्नायू ताणतो किंवा फाटतो. वाढत्या मुलात स्नायू टिकतो आणि हाडाचा कोपराच निघून येतो. अशा जागी मालिश करणे म्हणजे दुखापत वाढवणे. तुकडा फारसा सरकलेला नव्हता, त्यामुळे कुबड्या आणि विश्रांती यावर भागले.

हा मुलगा पहाटे ज्या गटात धावायला जातो, त्या गटात दोन वर्षांपूर्वी दहा-बारा मुले होती. आता चाळीसच्या वर आहेत. शालेय स्पर्धा आहेत, पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलामुलींना शंभर मीटर धाव आहे, आणि २०२५ साली अनिमेष कुजूर या तरुणाने शंभर मीटर अंतर १०.१८ सेकंदांत कापल्याची बातमी मुलांनी वाचली आहे. मुले टीव्ही सोडून मैदानावर येत असतील तर डॉक्टरला आनंदच आहे. पण दहा मुले असताना प्रशिक्षक प्रत्येकाला ओळखतो. चाळीस झाली की एकच शिट्टी वाजते आणि सर्वांना सारख्याच फेऱ्या मिळतात. दुखणी इथून सुरू होतात.

वय एक, शरीरे वेगळी

शालेय स्पर्धांत १४, १७ व १९ वर्षांखालील असे गट असतात. हे गट जन्मतारखेवरून पडतात, शरीरावरून नव्हे. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींत साधारण बाराव्या वर्षाच्या सुमारास, तर मुलांत चौदाव्याच्या आसपास येतो. कोणाचा दोन वर्षे आधी, कोणाचा दोन वर्षे उशिरा. त्यामुळे एकाच वर्गातील दोन मुलांत एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसरा अजून बालकच असतो.

या काळात मुलगा वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरही वाढतो. हाडे आधी लांबतात. स्नायू मागून येतात व तोवर ताणलेले राहतात. हाडांच्या टोकाशी व स्नायू चिकटतात त्या जागी हाड अजून कूर्चेचे, म्हणजे मऊ असते. वेगाने धावताना प्रत्येक पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. म्हणून गुडघ्याच्या वाटीखाली दुखरा उंचवटा येणे किंवा टाचेच्या मागे दुखणे या तक्रारी नेमक्या याच वयात दिसतात. "वाढीचं दुखणं आहे, जाईल" म्हणून त्यावर धावत राहू नये.

दहा सेकंदांचे इंधन

पूर्ण वेगाच्या धावेत पहिल्या सहा-आठ सेकंदांची शक्ती प्रामुख्याने स्नायूत आधीच साठवलेल्या इंधनातून येते. तो साठा पुन्हा भरायला काही मिनिटे लागतात. जाणते प्रशिक्षक पूर्ण वेगाच्या दर दहा मीटरमागे सुमारे एक मिनिट विश्रांती देतात, म्हणजे साठ मीटर धावल्यावर सहा मिनिटे. दम खाऊ न देता वीस वेळा पळवल्याने वेग वाढत नाही. मुलगा फक्त थकतो, आणि थकलेला स्नायू लवकर दुखावतो.

आपल्या भागातील सिकलसेल

विदर्भात ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, कारण येथे सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. ज्याला आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हा दोष मिळतो तो वाहक. वाहक आजारी नसतो. तो शाळेत जातो, खेळतो, शेतात काम करतो, आणि त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. मात्र ऊन, तहान आणि विश्रांतीशिवाय सलग वेगाच्या धावा हे तिन्ही एकत्र आले, तर क्वचित त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून स्नायूंचा रक्तपुरवठा अडवतात. मुलगा धाडकन पडत नाही. पाय दुखतात, शक्ती जाते आणि तो बसकण मारतो. सुरुवातीला बोलतही असतो. त्याला आळशी म्हणून पुन्हा उठवून पळवणे जिवावर बेतू शकते. ताबडतोब सावलीत न्यावे, पाणी द्यावे आणि वेळ न घालवता सावंगी किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात न्यावे. वाहक असल्याचे माहीत असेल तर तिथल्या डॉक्टरांना आधी सांगावे.

वाहक मुलाने धावू नये असे मात्र मुळीच नाही. त्याने हळूहळू सराव वाढवावा, भरपूर पाणी प्यावे व पुरती विश्रांती घ्यावी. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यात सरकारी आरोग्य केंद्रांवर रक्ततपासणी होते. त्याच वेळी हिमोग्लोबिनही पाहून घ्यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला होता. बारा वर्षांपुढील मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तिला आधी उपचार हवा, मग जास्तीच्या फेऱ्या.

काय करावे?

• प्रशिक्षकाने वहीत प्रत्येक मुलाला एक पान द्यावे. दर तीन महिन्यांनी उंची लिहावी. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटर किंवा जास्त वाढ दिसली, तर त्या मुलाच्या उड्या व पूर्ण वेगाच्या धावा कमी कराव्यात.
• प्रवेश देतानाच सिकलसेल व हिमोग्लोबिनचा अहवाल पाहावा. तो सर्वांसमोर वाचू नये.
• पूर्ण वेगाचा सराव आठवड्यात दोन-तीन दिवसच, एक दिवस आड करून घ्यावा.
• एप्रिल-मेमध्ये ऊन चढण्यापूर्वी मैदान सोडावे. मैदानावर पिण्याचे पाणी हवेच.
• 'कट्' असा आवाज, लंगडणे, एकाच जागी बोटाने दाखवता येणारे दुखणे असेल तर मालिश नको, एक्स-रे काढावा.

पालकांना घाई असते. अनिमेष कुजूर शाळेत फुटबॉल खेळत असे. धावण्याकडे तो वळला तेव्हा अठराच्या घरात होता. बाराव्या वर्षी जिंकलेल्या पदकाहून अठराव्या वर्षी शाबूत असलेले गुडघे अधिक कामाचे.

तो मुलगा तीन महिन्यांनी पुन्हा मैदानावर गेला. त्याच्या प्रशिक्षकांनी आता वही घातली आहे. परवा ते स्वतःच चार मुलांची उंची दाखवायला आले होते. त्यांतल्या दोघांना मी पावसाळा संपेपर्यंत हळूच धावायला सांगितले आहे.