ग्रंथपालबाईंची डी ड्राइव्ह

जुन्या संगणकावर लिनक्स टाकून द्या, असं कुणी म्हटलं की मी लगेच संगणकाला हात लावत नाही. खुर्ची ओढून त्या माणसाशेजारी बसतो आणि सांगतो, तुमचं रोजचं काम करा, मी नुसता बघतो. कशावर क्लिक होतं, फाइल कुठे साठवली जाते, प्रिंट कशी काढतात, मराठी कशात टाइप होतं, हे पंधरा-वीस मिनिटांत कळतं. पुढचं सगळं त्यावर ठरतं. लिनक्स बसवायला अर्धा तास पुरतो. वेळ जातो तो त्याच्या आधी आणि नंतर.

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात हे काम नुकतंच केलं. चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची फिरती हार्डडिस्क आणि विंडोज १०. ग्रंथपालबाई सकाळी कुलूप काढलं की आधी संगणकाचं बटण दाबायच्या, मग झाडलोट करायच्या, वर्तमानपत्रं टेबलांवर मांडायच्या. तेवढ्या वेळात संगणक कामाजोगा व्हायचा. आता नवीनच घ्या, असा सल्ला त्यांना मिळाला होता. वाचनालयाच्या अनुदानात नवा संगणक म्हणजे वर्षभराच्या पुस्तकखरेदीवर पाणी.

विंडोज १० चा अधिकृत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षेची जादा मुदत मिळते तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे हा संगणक त्या दारातूनच परत. मुदत संपल्यावर संगणक बंद पडत नाही. तो चालतच राहतो, पण नव्याने सापडणारी सुरक्षेची भगदाडं कुणी बुजवत नाही. वाचनालयाच्या संगणकावर सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर असतात, बँकेचे व्यवहारही त्यावरच होतात, त्यामुळे ‘चाललंय ना, मग चालू दे’ हे धोरण इथे बरोबर नाही. पण धडधाकट यंत्र केवळ पात्रतेच्या यादीत बसत नाही म्हणून भंगारात जावं, हेही मला पटत नाही. म्हणून लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मुक्त प्रणाली.

बाईंचं काम बघून मी कागदावर यादी केली. सभासदांची आणि पुस्तकांची नोंद एक्सेलमध्ये, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना जाणारी पत्रं आणि वार्षिक अहवाल वर्डमध्ये, एक लेझर प्रिंटर, ब्राउझर, आणि कार्यक्रमांचे फोटो. हिशेब सनदी लेखापालांकडे जात होते, त्यामुळे टॅलीचा प्रश्न आला नाही. आला असता तर मी तिथेच थांबलो असतो, कारण टॅली केवळ विंडोजवर चालतं. लग्नपत्रिका आणि फ्लेक्सवाल्यांचं कोरलड्रॉ, फोटोवाल्यांचं फोटोशॉप, तेही लिनक्सवर येत नाही. त्यासाठी आडवाटा सांगणारे भेटतात. पण ज्याचं पोट त्या सॉफ्टवेअरवर आहे त्याला मी आडवाटेला लावत नाही.

मग सीपीयूचा डबा उघडला. पंख्यावर धुळीचा थर होता; तो ब्रशने काढला. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात साध्या खोडरबराने पुसले. ही आपल्याकडच्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याची पहिली कृती, आणि ती खरोखर लागू पडते. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल बदलला. हा सेल गेला की संगणक दर वेळी जुनीच तारीख धरून उठतो, आणि तारीख चुकली की बँकेच्या साइटपासून ईमेलपर्यंत सगळीकडे ‘असुरक्षित’ असा इशारा येऊ लागतो. कित्येक लोक याला व्हायरस समजून संगणक फॉरमॅट मारून घेतात.

हार्डडिस्कच्या जागी छोटी एसएसडी बसवली. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लिनक्समुळे संगणक पळायला लागला असं लोक म्हणतात तेव्हा त्यातलं बरंचसं श्रेय एसएसडीचं असतं. फिरत्या तबकडीवर चार जीबी रॅमचा कुठलाही आजचा संगणक रडतोच. लिनक्सचा वाटा वेगळा आहे: लिनक्सच्या ‘मिंट’ या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सुरू झाल्यावर साधारण एक जीबीच्या आसपास रॅम घेते, त्यामुळे उरलेली ब्राउझरच्या वाट्याला येते. एक्सएफसीई निवडण्याचं कारण तेवढंच. खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ; विंडोजवर वावरलेल्या माणसाला बुजल्यासारखं होत नाही.

जुन्या हार्डडिस्कवरचं सगळं आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवलं, आणि महत्त्वाच्या फायली आणखी एका पेनड्राइव्हवर. विंडोज शेवटचं बंद करताना शिफ्ट दाबून ‘शट डाउन’ केलं. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर नेहमीच्या बंद करण्यात ते पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपलेलं राहतं, आणि मग लिनक्सला त्या डिस्कवर काही लिहिता येत नाही. त्यानंतर जुन्या डिस्कची वायर काढून ठेवली. लिनक्सची मांडणी, म्हणजे इन्स्टॉलेशन, करताना एकच डिस्क जोडलेली असली की चुकीची डिस्क पुसली जाण्याचा प्रश्नच राहत नाही. ही सवय सगळ्यांनी लावून घ्यावी.

मिंटची आयएसओ फाइल जवळपास तीन जीबीची. उतरवून झाल्यावर तिचा चेकसम, म्हणजे चौसष्ट चिन्हांचा ठसा, मिंटच्या साइटवरच्या ठशाशी ताडून पाहायचा. गावातलं नेट मध्येच तुटतं, फाइल अर्धवट येते, आणि मग मांडणी निम्म्यावर अडकते; दोन मिनिटांच्या ताळ्याने ती संध्याकाळ वाचते. फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही, रुफस किंवा एचर अशा साधनाने ती लिहावी लागते. मग संगणक सुरू होताना एफ १२ कळ दाबायची (कंपनीप्रमाणे कळ बदलते; काहींत एफ ९, काहींत एस्केप) आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडायचा.

लिनक्सची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथे येते. काहीही पुसल्याशिवाय, काहीही बसवल्याशिवाय, अख्खी प्रणाली पेनड्राइव्हवरून चालू होते. पडद्यावर मिंट आलं की मी बाईंना खुर्चीत बसवलं आणि बाजूला झालो. आवाज येतो का, वायफाय लागतं का, पडद्यावरची अक्षरं नीट दिसतात का, प्रिंटर ओळखला जातो का, हे त्यांनीच पाहिलं. नाही आवडलं तर पेनड्राइव्ह काढला की आपला संगणक होता तसाच. कुणालाही पटवण्यासाठी याहून प्रामाणिक मार्ग मला माहीत नाही.

प्रत्यक्ष मांडणीत सांगण्यासारखी पायरी एकच. भाषा, कीबोर्ड, नाव, पासवर्ड हे सरळ असतं. मध्ये एक पान येतं: सगळी डिस्क पुसून मिंट बसवायचं, की दुसरं काही. त्या पानावर मी हात मांडीवर घेतो आणि डिस्कचं नाव व आकार मोठ्याने वाचतो. आकार नव्या एसएसडीचाच आहे, जोडलेली डिस्क ती एकच आहे, जुना डेटा दोन ठिकाणी आहे. बाईंनी तिन्हींवर मान हलवली, मगच बटण दाबलं. चहा होईपर्यंत मांडणी पूर्ण झाली.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. वार्षिक अहवालाची फाइल लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला. बाई घाबरल्या. फाइल बिघडली नव्हती. ती कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली होती, आणि युनिकोड हे सगळ्या लिप्यांचं सामायिक मानक रुळण्याआधीच्या अशा फॉन्टमध्ये खरं मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं असतात आणि त्यांवर मराठी आकार चढवलेले असतात. लहान ‘ई’ म्हणजे म, ‘जे’ म्हणजे र, ‘के’ म्हणजे काना, मोठा ‘बी’ म्हणजे ठ, लहान ‘एच’ म्हणजे दुसरी वेलांटी: या पाचांनी ‘मराठी’ होतं. फॉन्ट नसला की नुसती इंग्रजी पाच अक्षरं उरतात. जुन्या विंडोजमधली फॉन्टची फाइल नव्या संगणकावर ठेवली आणि अहवाल पुन्हा वाचता येऊ लागला.

पुस्तकांची यादी मात्र युनिकोडमध्ये आणायचीच असं मी ठरवलं होतं. त्याचं कारण बाईंशेजारी बसलो तेव्हाच दिसलं होतं. लेखकांची नावं त्या हाताने वरखाली करत होत्या. एक्सेलला अकारविल्हे लावायला सांगितलं की ते आतल्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावायचं. कृतिदेवमध्ये ब हा ‘सी’वर, क ‘डी’वर, म ‘ई’वर, प ‘आय’वर, स ‘एल’वर, द ‘एन’वर आणि अ थेट ‘व्ही’वर. त्यामुळे क्रम यायचा तो बापट, करंदीकर, मर्ढेकर, पाडगावकर, सावंत, देशपांडे आणि सगळ्यांत शेवटी अत्रे. कित्येक वर्षं बाई हा क्रम माऊस धरून दुरुस्त करत आल्या होत्या. संगणकाला मराठी येत नाही अशीच त्यांची समजूत झाली होती.

रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण कागदावर ती आधी दिसते. ‘दिवस’ लिहिताना आधी वेलांटी, मग द. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी द, मग वेलांटी. रफाराचं उलट: ‘धर्म’मध्ये कृतिदेवचा रफार म नंतर, युनिकोडचा र् म च्या आधी. साध्या शब्दांत साधन हे बरोबर हलवतं. लांब जोडाक्षर आलं की वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. असे शब्द बाईंच्या नजरेला लगेच टोचायचे, कारण त्यातलं प्रत्येक पुस्तक त्यांच्या हातातून गेलेलं. यादी तपासून झाल्यावर त्यांनी लेखकाच्या रकान्यावर क्लिक करून क्रम लावला. अत्रे वर आले, सावंत खाली गेले. बाईंनी तोच क्रम पुन्हा एकदा लावून पाहिला. तीच यादी आता सभासदांच्या फोनवरही वाचता येते. फोनमध्ये कृतिदेव नसतं म्हणून ती आजवर कुणाला पाठवता आली नव्हती.

टायपिंगची बोटं मात्र बदलायची नव्हती. बाई टाइपरायटरवर शिकलेल्या, रेमिंग्टन मांडणीच्या. लिनक्समध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट, फोनेटिक, रेमिंग्टन अशा मांडण्या निवडता येतात, आणि टाइप होतं ते युनिकोडच. जुनी बोटं, नवी अक्षरं. नव्याने शिकणाऱ्याला मी इनस्क्रिप्टच सुचवतो, कारण ते सरकारी मानक आहे आणि स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला अशी त्याची रचना पटकन डोक्यात बसते. पण तीस वर्षांच्या सवयीला हात लावायचा अधिकार आपल्याला नाही.

प्रिंटरने थोडा वेळ घेतला. नवे प्रिंटर बहुतेक वेळा जोडताच चालतात. जुन्या लेझर प्रिंटरांपैकी काहींना, उदाहरणार्थ एचपीच्या १०२० ला, जादा प्लगइन उतरवून घ्यावं लागतं. काही मॉडेलं लिनक्सशी कधीच नीट जमत नाहीत. म्हणून प्रिंटरचं मॉडेल पहिल्या दिवशीच्या कागदावर लिहून घेणं आणि त्याची माहिती आधी काढणं महत्त्वाचं. बाईंचा चालला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. “दादा, सगळं दिसतंय, पण माझी डी ड्राइव्ह कुठे गेली?”

लिनक्समध्ये सी आणि डी अशी नावं नसतात. सगळं एकाच झाडाच्या फांद्यांवर असतं. हे मी त्यांना समजावत बसलो नाही. बाईंची जुनी पत्रं, फोटो, शाळांच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं, सगळं ‘डी’मध्ये असायचं, आणि त्यांना ते तिथेच हवं होतं. त्या दिवशी जाऊन जुनी हार्डडिस्क दुसरी डिस्क म्हणून पुन्हा जोडली, संगणक सुरू होताच ती आपोआप उघडेल अशी सोय केली, तिला ‘डी ड्राइव्ह’ असं नाव दिलं आणि पडद्यावर तिचं चित्र आणून ठेवलं. जुनी डिस्क कधीही दगा देऊ शकते, म्हणून तिची प्रत दर आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर जाते. बाईंनी ते चित्र उघडलं, ‘प्रमाणपत्रं’ फोल्डर पाहिला आणि कामाला लागल्या.

पुढे कधी वाचनालयाला पूर्ण संगणकीकरण करायचं झालं तर ‘कोहा’ ही मुक्त ग्रंथालय-प्रणाली आहे. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयासाठी ती तयार झाली आणि २००० साली तिथे सुरू झाली. ती लिनक्सवरच चालते. केरळने शाळांमधले संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेले, आणि तिथे ‘काइट’ ही सरकारी संस्था आजही त्यांची स्वतःची लिनक्स आवृत्ती सांभाळते. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या चेन्नई केंद्राने ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स २००७ मध्ये आणली. साधनं आहेत. कमी पडतात ती शेजारी बसणारी माणसं.

म्हणून ज्यांना हे काम येतं त्यांना विनंती आहे. लिनक्स टाकून निघून येऊ नका, पहिला महिनाभर फोन उचला. ‘डी ड्राइव्ह कुठे गेली’ या प्रश्नाला त्या माणसाच्या सोयीचं उत्तर द्या. आणि ज्यांच्या घरात, शाळेत, वाचनालयात विंडोज १० चा संगणक कापड टाकून ठेवलेला असेल, त्यांनी तो भंगारवाल्याला देण्याआधी एक पेनड्राइव्ह लावून पाहावा. मिंटच्या २२ क्रमांकाच्या आवृत्त्यांना २०२९ पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळणार आहेत.