घडीचा फलक : दुकानदाराची सोय, कारागिराची रोजी

सकाळी शटर वर गेले की कापडाच्या दुकानात झाडलोट होते, गादीवरची चादर बदलली जाते आणि मग पोऱ्या आतून घडीचा फलक आणून पायरीजवळ उभा करतो. 'शाळेच्या गणवेशाचे कापड आले आहे', 'कॉटन साड्यांवर सूट', 'शिलाईसह सलवार-कुर्ता'. रात्री तोच फलक मिटून काउंटरच्या मागे जातो. वस्तू इतकी साधी की तिच्यावर लेख कशाला, असे वाचकांना वाटेल. पण गिऱ्हाईक दुकानात शिरण्याआधी आपण त्याच्याशी बोलतो ते या फलकातूनच. वरची पाटी दुकान कोणाचे ते सांगते. दुकानात आज काय मिळेल, हे सांगण्याचे काम घडीच्या फलकाचे आहे.

गेली तीसेक वर्षे कापडाच्या धंद्यात मी असे फलक विकत घेतले, बनवून घेतले, मोडलेले पाहिले आणि एकदा त्यापायी मान खाली घालण्याची वेळही आली. त्या अनुभवातून चार कामाच्या गोष्टी व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहे.

घडीची कल्पना जुनीच

घडीची चौकट ही काही परदेशातून आलेली नवलाई नाही. आपल्या घराघरांतील रेहल पाहा. एकाच फळीला दोन्ही टोकांकडून जाडीत चिरून मधोमध एकमेकांत अडकणारे दाते कोरतात. खिळा नाही, बिजागरी नाही. उघडली की फुलीसारखी उभी राहते, मिटली की पुन्हा एक फळी. सहारनपूरचे कारागीर शिसवीवर असे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. उघडल्यावर आपोआप अडेल, मिटल्यावर कमीत कमी जागा घेईल आणि रोज उघडमीट करूनही सैल पडणार नाही, या तीन गोष्टी चांगल्या घडीत असतात. दुकानाचा फलक घेतानाही याच तीन गोष्टी तपासाव्यात.

बाजारात मिळणारे प्रकार

पहिला प्रकार घोडीसारखा. दोन चौकटी वर बिजागरीने जोडलेल्या आणि खाली साखळी. दोन्ही बाजूंनी मजकूर लिहिता येतो, त्यामुळे येणारा आणि जाणारा दोघेही वाचतात. दुकानाबाहेर ठेवण्यास हाच योग्य.

दुसरा गुंडाळीचा, ज्याला बाजारात रोल-अप स्टँडी म्हणतात. खाली ॲल्युमिनियमची पेटी, तिच्यात स्प्रिंगचा रूळ, मागे तुकड्यातुकड्यांची दांडी. छापील पट्टा वर ओढून दांडीला अडकवायचा. दिसायला टापटीप, न्यायला हलका. पण यातली मेख स्प्रिंगमध्ये आहे. ती आधीच पीळ देऊन ताणलेली असते. पट्टा बदलायचा असेल तर अडकवणीची पिन घातल्याशिवाय जुना पट्टा सोडू नये. पिन नसताना सुटला तर रूळ भिरभिर फिरतो, हाताला लागते आणि पीळ निघून गेल्याने पेटी निकामी होते. माझ्या दोन पेट्या अशाच गेल्या, तेव्हा कुठे शहाणपण आले.

तिसरा फुलीचा. चार लवचीक काड्या आणि त्यांच्या टोकाला आकडे. बॅनरच्या चार कोपऱ्यांतील रिंगा त्यांत अडकवल्या की काड्यांच्या ताणाने बॅनर सपाट राहतो. स्वस्त आहे आणि पिशवीत मावतो. मात्र काडी एकदा चिरली की फेकूनच द्यावी लागते.

चौथा म्हणजे भिंतीवरची स्नॅप फ्रेम. खरे तर ही घडीची चौकट नाही, पण तिच्या चारही कडा जबड्यासारख्या उघडतात. कागद घालायचा, वर पारदर्शक पत्रा ठेवायचा आणि कडा दाबून बंद करायच्या. दर आठवड्याला भाव बदलणाऱ्यांना ती फार सोयीची आहे. ए-३, ए-२, ए-१ या ठरावीक मापाचीच फ्रेम घ्यावी. म्हणजे कोणत्याही छपाईवाल्याकडून कागद आणला तरी तो बसतो.

एका जखमेचा धडा

आता ती मान खाली घालण्याची गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी एका वेल्डरकडून उंच आणि अरुंद असा घोडीचा फलक करून घेतला होता. उंच असेल तर लांबून दिसेल, एवढाच माझा विचार. जूनचे दिवस होते, गणवेशाच्या कापडाला गर्दी होती. पावसाआधीचा वारा सुटला आणि फलक पायरीवर उभ्या असलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलावर पडला. नळीचे उघडे टोक त्याच्या भुवईवर लागले. तीन टाके पडले. त्याची आई मला एक शब्दही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागले. ती माउली दुकानात चार मीटर कापड घेण्यासाठी आली होती. माझ्या फलकाने तिला दवाखान्यात पाठवले.

१३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला अवाढव्य होर्डिंग कोसळून सतरा माणसे गेली, ते सर्वांना ठाऊक आहे. आपला फलक लहान आहे. पण तोही माणसांच्या अंगावर पडू शकतो, ही जाणीव दुकानदाराने ठेवलीच पाहिजे.

वाऱ्याचा हिशेब समजून घ्या. दोन फूट बाय तीन फुटांच्या फलकावर ताशी ३६ किलोमीटरचा वारा समोरून आला तर सुमारे चार किलोचा रेटा बसतो. वेग दुप्पट झाला तर रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे सोळा किलो. सात-आठ किलोचा फलक, पायांमधले अंतर दोन फूट, तर तो ३६ च्या वाऱ्यालाच डळमळू लागतो. म्हणून घोडीच्या आत, साखळीच्या जागी असलेल्या मजबूत पट्टीला, दहा किलो वाळूची पिशवी टांगावी. वजन जितके खाली तितका फलक स्थिर. अडीच बाय सहाच्या गुंडाळीच्या स्टँडीवर त्याच वाऱ्याचा रेटा दहा किलोच्या घरात जातो आणि त्या स्टँडीचे स्वतःचे वजन त्याच्या निम्मेही भरत नाही. म्हणून स्टँडी उंबऱ्याच्या आतच ठेवावी. बाहेर ठेवणे हा जुगार आहे. वादळी हवा दिसली तर घोडीचा फलकही वेळ न घालवता मिटावा. घडीचा फायदा तोच आहे.

वेल्डर बांधवांसाठी माप

हा फलक तयार विकत घेण्याऐवजी मोहल्ल्यातल्या वेल्डरकडून बनवून घेतला तर पैसा गावातच राहतो आणि मोडला तर दुरुस्तही होतो. एक इंची चौकोनी लोखंडी नळी, अठरा गेज, पुरेशी आहे. ती फुटाला साधारण पाव किलोहून थोडी अधिक भरते. पाय ४७ इंचांचे आणि आडव्या पट्ट्या २२ इंचांच्या ठेवाव्यात. मग पायांच्या नळ्या धरून फलकाची रुंदी बरोबर दोन फूट होते. एका फलकाला चार पाय आणि चार पट्ट्या लागतात, म्हणजे २३ फूट नळी आणि सहा किलोच्या आसपास लोखंड.

सहा मीटरच्या नळीतून चार पाय आणि दोन पट्ट्या निघतात आणि करवतीला जेमतेम चार इंच उरतात. अशा चार नळ्यांतून चार फलकांचे सगळे पाय आणि निम्म्या पट्ट्या होतात. उरलेल्या आठ पट्ट्या पाचव्या नळीतून काढल्या तर सुमारे पाच फुटांचा तुकडाच शिल्लक राहतो. एकेक फलकासाठी नळी घ्याल तर तुकडे वाया जातात, चारांसाठी घ्याल तर वाचतात. चार शेजारी दुकानदारांनी मिळून ऑर्डर दिली तर दोन्ही बाजूंचे भले होते. लोखंडाचा भाव किलोवर असल्याने हिशेबही उघड राहतो. वजन गुणिले भाव, त्यावर मजुरी.

काही बाबतींत काटकसर करू नये. नळीच्या प्रत्येक उघड्या टोकाला टोपण बसवावे. पायांना रबर लावावे, नाहीतर फरशीवर फलक घसरतो. साखळी एकीकडेच न लावता दोन्हीकडे लावावी. दोन चौकटींच्या मध्ये रबरी बटणे बसवावीत, म्हणजे मिटताना पोराची बोटे चेंगरणार नाहीत. वेल्डिंगचा मळ घासून काढल्यावरच रेड ऑक्साइड मारावे. मळावर मारलेला रंग पहिल्या पावसाळ्यातच सुटतो.

फ्लेक्स की कापड?

फ्लेक्स आले आणि हाताने पाट्या रंगवणाऱ्यांचे काम गेले. आमच्या बाजारात एक पेंटर चाचा आहेत. नागरी आणि नस्तालीक दोन्ही अक्षरे त्यांच्या हातात सारखीच सुरेख उतरतात. फ्लेक्सच्या जमान्यात त्यांनी घरांना डिस्टेंपर मारून पोट भरले. आता आम्ही काही दुकानदार त्यांच्याकडून घडीच्या फलकांचे पत्रे लिहून घेतो. मजकूर बदलायचा तर जुना पुसून नवा. दर वेळी नवा फ्लेक्स छापायला नको आणि जुना कुठे टाकायचा ही चिंताही नको. फ्लेक्सवर पीव्हीसीचा थर असतो. तो जाळला तर विषारी धूर होतो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने १०० मायक्रॉनहून पातळ प्लास्टिक व पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून बंदी घातली आहे, हेही लक्षात असू द्यावे.

दुकानाच्या आत तर कापडासारखे दुसरे काही नाही. आणि कापडवाल्यानेच प्लास्टिकवर आपल्या कापडाची जाहिरात करावी, हे मला तरी शोभत नाही. जाड सुती कापड घ्यावे, वर-खाली पायजम्यासारखा नेफा शिवावा, त्यात सळई सरकवावी आणि चौकटीच्या आकड्यांवर टांगावे. खालच्या सळईच्या वजनाने कापड ताठ राहते. मजकूर बदलायचा तर सळई काढून दुसरे कापड चढवायचे. जुने धुऊन, घडी करून पुढच्या मोसमासाठी ठेवता येते.

यात तीन चुका होतात. एक, कोरे ग्रे कापड तसेच वापरतात. त्यातली खळ निघाली नाही तर रंग नीट धरत नाही आणि पावसाळ्यात बुरशी चढते. आधी खळ काढून कापड धुवावे, म्हणजे ते जे आकसायचे ते आधीच आकसेल. दोन, कापड तिरके कापतात. ताण्याच्या रेषेत कापले तरच ते सरळ लोंबते. तिरके कापलेले एका बाजूला ओढले जाते आणि अक्षरे वाकडी दिसतात. तीन, कडा दुमडत नाहीत आणि महिनाभरात सुते लोंबू लागतात. हे सारे आपल्याच धंद्यातले ज्ञान आहे. एखादी शिवणकाम करणारी बहीण घरबसल्या असे फलक शिवून देऊ शकते.

अक्षर, भाषा आणि कायदा

अक्षर केवढे असावे? पाटीवाल्यांचा जुना ठोकताळा असा की दहा फुटांवरून वाचायचे असेल तर एक इंच उंचीचे अक्षर हवे. हा ठोकताळा इंग्रजी अक्षरांचा आहे. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार असतो, म्हणून ओळींमध्ये जास्त जागा सोडावी. नस्तालीक तर उतरत्या चालीने लिहिली जाते, तिला आणखी उंची लागते. दोन्ही लिप्या एका पत्र्यात कोंबण्याऐवजी घोडीच्या एका बाजूस मराठी आणि दुसऱ्या बाजूस उर्दू लिहावी, असे करू नये. एकीकडून येणाऱ्याला एकच भाषा दिसते. दोन्ही बाजूंवर वर मोठी मराठी आणि खाली उर्दूची एक ओळ, हे उत्तम. मजकूर मात्र तीन ओळींपुढे नेऊ नये. चालता माणूस निबंध वाचत नाही.

नामफलकाच्या नियमाबद्दल अजून काही बांधवांच्या मनात गोंधळ आहे. महाराष्ट्रातील २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान असता कामा नयेत. सर्वोच्च न्यायालयानेही २५ सप्टेंबर २०२३ रोजी व्यापाऱ्यांना दोन महिन्यांत पाट्या लावण्यास सांगितले. मराठीबरोबर उर्दू लिहिण्यास यात आडकाठी नाही. नियम नामफलकाचा असला तरी पायरीवरच्या फलकालाही तीच रीत ठेवली तर वाद उरत नाही. मराठी ही आपल्या गिऱ्हाइकाचीही भाषा आहे, हा हिशेब कायद्यापेक्षा मोठा.

राहिला प्रश्न जागेचा. फलक आपल्या पायरीवर ठेवा, पदपथावर नको. मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याप्रमाणे रस्त्यावर अडथळा होणारी वस्तू नोटीस न देताही उचलता येते. इतर शहरांतही पालिकेच्या गाडीत असे फलक रोज चढताना दिसतात. त्या वेळी आपण आरडाओरड करतो. पण काठी टेकत जाणारा म्हातारा किंवा लेकराला कडेवर घेतलेली बाई आपल्या फलकाला वळसा घालून रस्त्यावर उतरते, तेव्हा तिचा हक्क आपण मारलेला असतो. अशा जागेवरून आलेल्या गिऱ्हाइकात बरकत कशी राहील?

आमच्या दुकानात आता रुंद पायांचा, टोपणे लावलेला, वाळूच्या पिशवीचा फलक आहे. लोखंड मोहल्ल्यातल्या वेल्डरचे आणि अक्षर पेंटर चाचांचे. पुढच्या जूनमध्ये ती माउली त्याच मुलाच्या गणवेशासाठी पुन्हा आली. मुलाने फलकाकडे पाहिले आणि जरा लांबून वळसा घालून आत आला. मी त्याला हाताला धरून बाहेर नेले आणि फलक हलवून पाहायला सांगितले. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला. फलक हलला नाही. मग तो हसला.