दुकानातली वायरिंग तपासायची कधी? भर गर्दीतही अन् शटर पाडल्यावरही

मुंबई : नागपाड्यातल्या सिटी सेंटर मॉलला २२ ऑक्टोबर २०२० च्या रात्री आग लागली. सुरुवात मोबाईलच्या दुकानातून झाली. विझवायला दोन दिवसांहून जास्त लागले. शेजारच्या टॉवरमधल्या सुमारे ३५०० लोकांना बाहेर काढावे लागले. गर्दीच्या जागी आग किती महागात पडते, ते तेव्हा दिसले.

म्हणूनच दादर, लालबागसारख्या बाजारातल्या दुकानांची वीज तपासणी दोन वेळा करायला हवी.

पहिली, भर गर्दीत. एसी, दिवे, फ्रिज सगळे चालू असले की ढिला जोड तापतो. क्लॅम्प मीटरने लोड मोजतात, थर्मल कॅमेऱ्याने गरम जोड शोधतात. लोड नसताना हा दोष सापडत नाही.

दुसरी, शटर पाडल्यावर. मेन स्विच बंद करून मेगरने वायरचे इन्सुलेशन बघतात. चालू लाईनला मेगर लावायचा नसतो.

गावातल्या दुकानालाही हेच लागू. महिन्यातून एकदा ईएलसीबीचे टेस्ट बटण दाबा. लाईन गेली नाही तर तो बिघडलाय समजा. एमसीबी सारखा पडतोय? मोठा एमसीबी बसवून वेळ मारून नेऊ नका. परवानाधारक वायरमनला बोलवा, आधी वायर बघा.