बॅटरी जुनी, सेल नवे

३ जून जवळ आला की रायगडच्या किनाऱ्यावर ‘निसर्ग’ वादळाची आठवण निघतेच. आडव्या झालेल्या सुपारीच्या बागा, उडालेली कौलं, सगळं पुन्हा बोललं जातं. अंधाराबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. २०२०च्या त्या दुपारनंतर मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्याच्या अनेक गावांत वीज परत यायला कित्येक आठवडे लागले होते.

याच किनाऱ्यावरचं आगरदांडा गाव राजपुरी खाडीच्या काठावर आहे. समोर दिघी, मध्ये फेरीबोट. या पट्ट्यात टॉर्चला बॅटरीच म्हणतात आणि आत घालायचे ते सेल. पहिल्या पावसात रात्री वलगणीचे मासे धरायला निघालेल्यांच्या हातात ती असते. पायवाटेवर फुरसं दिसावं म्हणून असते. मोबाइलचा उजेड इथे पुरत नाही. ओल्या हातांनी फोन धरवत नाही आणि वीज नसताना त्याचं चार्जिंग फोन करण्यासाठी राखून ठेवावं लागतं.

मग चार्जिंगची बॅटरी घ्यावी, तर स्वस्तातल्या अनेकींच्या पोटात ४ व्होल्टचा बंद लेड-ॲसिड डबा असतो. पूर्ण उतरलेला तो तसाच पडून राहिला, की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि पुढे चार्ज धरत नाही. डबा सहसा बदलला जात नाही, म्हणून अख्खी बॅटरी कचऱ्यात जाते. दुकानाची वाट धरण्याआधी माळ्यावरची जुनी पत्र्याची बॅटरी खाली काढावी, ती याचसाठी.

तिच्यात निकेल-मेटल हायड्राइडचे चार्जिंगचे सेल चालतात का? पहिली शंका व्होल्टेजची येते. साध्या सेलवर १.५ व्होल्ट छापलेले, चार्जिंगच्यावर १.२. तीन सेलचे साडेचार व्होल्ट व्हायला हवेत, ते ३.६च भरतात. उत्तर जुन्या बल्बच्या पितळी गळ्यावर कोरलेलं आहे. दोन सेलच्या बल्बवर बहुधा २.५ व्होल्ट असतं, तीन सेलच्यावर ३.८. म्हणजे सेलमागे सव्वा व्होल्ट! बल्ब बनवणाऱ्यांना ठाऊक होतं की जस्ताचा साधा सेल बल्ब पेटताच दीड व्होल्टवरून खाली घसरतो आणि संपेपर्यंत घसरतच राहतो. चार्जिंगचा सेल १.२च्या आसपास बराच काळ टिकून राहतो. त्याच्यावर जुना पिवळा बल्ब शेवटपर्यंत जवळजवळ सारखा जळतो, मग एकदम मंदावतो. त्या ‘एकदम’साठी दुसरा संच जवळ हवा. एलईडी बसवलेल्या तीन सेलच्या बॅटरीत मात्र उजेड थोडा कमी पडू शकतो.

खरी फसवणूक आकारात होते. मोठ्या, जाड सेलच्या रूपात विकल्या जाणाऱ्या काही चार्जिंग सेलच्या आत रिमोटचा पेन्सिल सेल बसवलेला असतो, बाकी सगळी पोकळी. हातात घेताच वजन सांगतं. छापील आकडा बघावा: खऱ्या मोठ्या सेलवर ८,००० ते १०,००० एमएएच असतं, पोकळावर २,५०० च्या आसपास. ०.३ अँपिअरच्या बल्बवर पहिला एक अख्खा दिवस-रात्र पुरतो, दुसरा जेमतेम आठ तास. पेन्सिल सेल प्लास्टिकच्या नळीत घालून वापरण्यात गैर काहीच नाही, फक्त ग्राहकाला ते माहीत असावं. वादळासाठी ठेवायचे सेल पडून राहिले तरी फार न उतरणाऱ्या जातीचे घ्यावेत. २००५ साली सान्योने एनेलूप आणले, तेव्हापासून असे सेल मिळतात.

लॅपटॉपमधून निघणारा १८६५० लिथियम सेल घालण्याचा मोह आवरावा. पूर्ण भरला की तो ४.२ व्होल्ट देतो, त्यावर दोन सेलचा बल्ब क्षणात उडतो. संरक्षक सर्किट नसेल तर शॉर्ट होऊन आग लागू शकते. अशा सेलवर ९,९०० एमएएच छापलेलं असेल तर ती सरळ थाप आहे. या आकाराचे चांगले सेल साडेतीन हजाराच्या आसपास असतात.

हे सगळं गावातला माणूस शिकू शकतो, हे महाराष्ट्रात आधीच दिसलं आहे. तेव्हा आयआयटी मुंबईत प्राध्यापक असलेले चेतन सिंह सोळंकी यांच्या ‘मिलियन सोल’ उपक्रमात महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या विद्यार्थ्यांना सौर दिवे मिळाले. ते जोडले आणि दुरुस्त केले ते प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिकांनी. दिवा बिघडला तर तो जोडणारा माणूस त्याच भागात सापडत होता. किनाऱ्याला याच धर्तीची माणसं हवीत: फेरीबोटीच्या धक्क्याजवळच्या टपरीत एक सोल्डरिंग गन, एक मीटर आणि शेजारी मेलेले सेल टाकायला डबा. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी छोट्या सेलचीही जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा तो डबा उचलून नेण्याचा आग्रह धरायला जागा आहे.

तोवर घरच्या घरी एवढं व्हावं. साध्या सेलचं जस्ताचं कवच वापरात झिजतं आणि पाणी सुटतं, म्हणून तसे सेल आत असतील तर आजच काढावेत. स्प्रिंग पॉलिशपेपरने घासावी. चार्जिंगचे नवे सेल पूर्ण चार्ज करून उजेड मंदावेपर्यंत एकदा जाळून बघावेत आणि किती तास चालले ते चिकटपट्टीवर लिहून बॅटरीच्या बुडाला लावावं.